आमचं वजन उतरलं आणि पोरगं सोफ्यावर बसलं

खारीबटर (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

जानेवारीत माझं वजन ७८ होतं, आता ६७ आहे. नवऱ्याचं ९४ वरून ८६. त्याची साखर काठावर होती, माझे गुडघे कुरकुरत होते, आणि डॉक्टरांनी दोघांनाही एकाच दिवशी झापलं. तेव्हापासून घरात भाकरी मोजून, तेल चमच्याने, आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ मी जिममध्ये. नवरा पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चालायच्या फेऱ्या मारतो. सगळे कौतुक करतात. सासूबाईसुद्धा, म्हणजे बघा.

आता अडचण. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. सकाळी ६:५० ला बस, दोनला घरी, चार ते साडेपाच क्लास. पूर्वी साडेसहाला मी त्याला खाली न्यायचे. मी बाकावर बसून शेजारणींशी गप्पा मारायचे, तो दीड तास धुडगूस घालायचा. तोच दीड तास मी जिमला दिला. खाली बघायला कुणी नाही म्हणून तो आजीजवळ, टीव्हीसमोर, हातात टॅब. म्हणजे माझे अकरा किलो त्याच्या खेळाच्या वेळातून वजा झाले. आणि हे मला सात महिने दिसलंच नाही.

दिसलं परवा. वजनकाटा बाथरूमबाहेर असतो. स्वयंपाकघरातून सहज बघितलं तर साहेब त्यावर उभे, पोट आत ओढून, श्वास रोखून. अगदी माझ्यासारखे. मी रोज तशी उभी राहते हे मला त्याच्याकडे बघून कळलं. उतरून म्हणाला, "आई, चौतीस. जास्त आहे ना?" आणि रात्री पोळीला तूप नको म्हणाला.

तो जाड नाहीये. निदान मला तरी वाटत नाही. प्रश्न दोन आहेत. नोकरी, जिम, स्वयंपाक सांभाळून मुलाला रोज पळवायचं कसं? आणि आम्ही वजनामागे लागलेलो असताना त्याच्यासमोर काय बोलायचं, काय नाही? जिम सोडा असं कृपया सांगू नका, गुडघे आत्ता कुठे गप्प झालेत.

पंचवटीकर

"पोट आत ओढून" वाचून आधी हसलो, मग हसू गेलं. आमच्याकडे तेच. जिममधून घामाघूम येतो आणि लेकीला म्हणतो, सारखी लोळतेस काय? परवा म्हणाली, "बाबा, तुम्ही पैसे भरून मशीनवर पळता. मी कुठे पळू?" उत्तर नव्हतं. वाचतोय.

काळीमिसळ

मी पोराला सकाळी गोल्फ क्लबला न्यायचा प्रयोग केलाय. पहिली अर्धी फेरी छान बोलत आला. मग "किती राहिलं?" मग पाय दुखतो. मग शू. तिसऱ्या दिवशी उठलाच नाही. गंमत म्हणजे ट्रॅकवर पाय दुखणारं हेच पोर, आत मैदानात कुणाचा तरी चेंडू दिसल्यावर असं सुटलं की मला धरता येईना. येताना मिसळ खाऊन आलो. दोघांनीही. वरून जास्तीचे दोन पाव. माझ्या वजनाचं विचारू नका.

आजोबा_नाशिकरोड

आम्ही शाळेतून आलो की दप्तर ओसरीवर भिरकावून जे सुटायचो ते दिवेलागणीलाच घरी. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस. कुणाचा बाप बघायला येत नव्हता. आपल्याच जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत घ्या. डोंगरातून पाणी आणत, अनवाणी पळत मोठी झाली, आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. चांदवडकडचा दत्तू भोकनळ रोइंगमध्ये २०१६ ला रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला. कुठलं जिम होतं त्यांना? हल्लीच्या आईबापांना मुलं काचेच्या बरणीत ठेवायचीत.

दोनचाकी (सिडको)

काका, मान ठेवून सांगतो. लांबून पाणी आणावं लागणं हा व्यायाम नाही हो, ते हाल आहेत. त्यातून ती वर आली हा तिचा मोठेपणा, त्या हालांचा नव्हे. आणि कुणाचा बाप बघायला येत नव्हता, कारण ओट्याओट्यावर कुणाची ना कुणाची आजी बसलेली असायची. तो ओटा गेला. आमच्या गल्लीत आता दोन्ही बाजूंना गाड्या, कोपऱ्यावर सहा कुत्री, आणि पलीकडचा रस्ता सिंहस्थाच्या नावाने खणून ठेवलाय. पोराला एकट्याला खाली सोडायचं तर माझाच जीव खालीवर.

आजोबा_नाशिकरोड

ओट्याचं बरोबर आहे. माझी आजी अडकित्ता घेऊन बसायची. सुपारी कातरता कातरता अख्ख्या आळीवर नजर. अर्धं विधान मागे घेतो.

फिटआई

हा सगळा सवयीचा प्रश्न आहे. माझी दोन्ही मुलं पहाटे पाचला उठून सूर्यनमस्कार घालतात. शनिवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, न चुकता. साखर घरात येत नाही. आईबाबांनी ठाम राहिलं की मुलं ऐकतात.

काळीमिसळ

ताई, मुलं भाड्याने मिळतील का? एक आठवडा पुरे.

बालडॉक्टर

बालरोगाची प्रॅक्टिस आहे, शहरातच. इथलं बोलणं म्हणजे तपासणी नव्हे, एवढं धरून वाचा.

खारीबटर, नुसत्या चौतीसला काही अर्थ नाही. उंची किती? मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, मोठ्यांसारखा थेट वाचत नाहीत. वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावर मांडतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ चे तक्ते आहेत, ५ ते १८ वयासाठी. त्यात मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या दोन रेषा असतात. पहिलीच्या वर जास्त वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. आपल्याकडे हे आकडे पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनावरच साखर गाठते. घरी बघायचं तर शिवणाची टेप पुरते: कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी.

आणि मान बघा. मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला तर तो मळ नव्हे. बऱ्याचदा इन्शुलिनचं काम बिघडत चालल्याची ती खूण असते. आया किती घासतात त्या माना! बेसन, लिंबू, दगड. पोरं बिचारी लालबुंद होऊन माझ्यासमोर येतात. घासून तो पट्टा जात नाही, दाखवायला या.

"थायरॉइड असेल हो" हे दिवसातून एकदा तरी ऐकतो. फक्त खाण्या-बसण्यामुळे वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंचही असतं. वजन वाढतंय आणि उंची अडकलीय, असं दिसलं तर मात्र हार्मोन तपासायलाच हवेत.

आता पळण्याचं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते, धाप लागेल अशी हालचाल. आणि आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायूंना, हाडांना जोर पडेल असं काहीतरी. यातला "सरासरी" शब्द आईबाप वगळून वाचतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी वीस मिनिटं आणि रविवारी दोन तास, चालतं. एका दमात साठ करायचीच नाहीत. काळीमिसळ, तुमचा मुलगा आळशी नाही. लहान मूल असंच हलतं: काही सेकंद सुसाट, मग थांबा, इकडेतिकडे बघा, पुन्हा सुसाट. एका चालीने फेऱ्या मारणं हा आपला, मोठ्या माणसांचा प्रकार. त्याला ती शिक्षाच वाटणार. शिवाशिवी, खो-खो, लगोरी यांत ती धाव-थांब मुळातच आहे. दहा हजार पावलांचं घड्याळही मुलाच्या मनगटाला बांधू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हा त्याच्या नावातून पसरला, कुठल्या बालरोगतज्ज्ञाने काढलेला नाही.

शेवटचं. वाढत्या मुलाचं वजन थोडं जास्त असलं तरी बहुतेक वेळा ते उतरवायचं नसतं. जागेवर धरायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. तुमचा सोळा तासांचा उपास, भात बंद, प्रोटीनचा डबा, यातलं काहीही त्याच्या ताटात नको. द्या तूप पोळीवर.

खारीबटर

डॉक्टर, उंची १४२. आत्ताच दाराच्या चौकटीला उभा करून मोजली. टेप बघून म्हणाला, "शर्ट शिवायचाय का?" मी हो म्हणून टाकलं.

बालडॉक्टर

बीएमआय १७ च्या आतच येतोय. काळजीचं काही नाही. शर्ट मात्र शिवा आता.

पंचवटीकर

डॉक्टर, चष्म्याचं खरं आहे का? बाहेर खेळलं की नंबर कमी लागतो म्हणतात.

बालडॉक्टर

लागलेला नंबर उतरत नाही. पण दिवसा उघड्यावर जास्त वेळ असणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. जिमच्या हॉलमध्ये हा फायदा मिळत नाही.

खारीबटर

जिमवरून आठवलं. आमचा ट्रेनर म्हणतो, मुलांची बॅच सुरू करतोय, घेऊन या. म्हणजे वेळेचाही प्रश्न सुटतो. पण सासूबाई म्हणतात वजनं उचलली की उंची खुंटते.

खांबावरचा

मल्लखांब शिकवतो म्हणून बोलतो. उंची खुंटते हा जुना समज आहे. नीट शिकवणारा समोर असेल आणि झेपेल तेवढंच असेल तर ताकदीच्या व्यायामाने काही खुंटत नाही. पण दहा वर्षांच्या पोराला यंत्रांच्या रांगेत उभं करून "बारा, तेरा, चौदा" म्हणायला लावण्यात मजा काय? त्याला लटकू द्या, चढू द्या, कोलांट्या मारू द्या. मल्लखांबात वजन स्वतःचंच असतं, तेही एरंडेल चोळलेल्या खांबावर. सुटला की घसरत खाली.

आणि नाशिककरांनी तर याचा अभिमान बाळगावा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांना वणीच्या सप्तशृंगीच्या कृपेने ही विद्या मिळाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच सांगतो, उगाच भांडू नका.

एक बघितलंय ते लिहितो. अंगाने भरलेलं मूल पहिल्या दिवशी खांबावर चढूच शकत नाही. वर बघतं, मग बाकीच्यांकडे बघतं. त्या वेळी आई कठड्यावरून ओरडते, "बघ, म्हणून सांगते कमी खा!" संपलं. ते मूल दुसऱ्या आठवड्यात येत नाही. मी आता पालकांना दाराबाहेर बसवतो.

सातपूरचा_बाप

खारीबटर यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं होतं. चार दिवस लिहून पुसतोय.

माझं वजन १०२ होतं, साखर सात-आठ वर्षं जुनी. या वर्षी डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. भूकच मेली. दीड पोळीवर ताट सरकवायला लागलो. बायको खूश, ऑफिसात टाळ्या. मुलगी तेरा वर्षांची. दोन महिन्यांनी लक्षात आलं, तीही ताट सरकवते. तशीच, दोन बोटांनी.

त्याआधी एक झालं होतं. घरातल्या लग्नात माझ्या बहिणीने सगळ्यांदेखत म्हटलं, "पोरगी अंगाने बापावर गेलीय." सगळे हसले. मीही हसलो. ते माझं हसणं तिच्या लक्षात राहिलं. सुट्टीत पोहायला जायची ती बंद झाली. पाणी थंड असतं म्हणे. मे महिन्यात.

मी काय केलं ते सांगतो, बरोबर की चूक माहीत नाही. तिला इंजेक्शन दाखवलं. सांगितलं, हे साखरेचं औषध आहे, याने माझी भूक कमी होते, म्हणून मी कमी जेवतो. तुझी भूक तुझी आहे. बहिणीला फोन केला. तो फोन काही चांगला झाला नाही, राखीला ती आली नाही. घरात आकडा बोलायचा नाही असं ठरवलं. माझा आकडा मी आणि डॉक्टर. "किती बारीक झालात!" म्हणणाऱ्यांना मी आता "जिना चढताना दम लागत नाही" एवढंच सांगतो, मुद्दाम तिच्यासमोर.

व्यायामाचं नाव काढलं की तोंड वाकडं. मग गणपती जवळ आले आणि मैत्रिणीबरोबर ढोलपथकाच्या सरावाला गेली. तिला ध्वज दिला. तो उंच बांबू दोन तास तालावर नाचवायचा म्हणजे काय ते मला एका संध्याकाळीच कळलं, मी पाच मिनिटांत दंड चोळत बसलो. आता मीही ढोल बांधतो कमरेला. नाशिक ढोलाच्या गावात राहून चाळिशीपर्यंत हात लावला नव्हता! येताना दोघं घामाने निथळत गाडीवर. घरी आल्यावर ती आमटीभात दोनदा घेते. याला ती व्यायाम म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

दोनचाकी

दादा, पुसलं नाहीत ते बरं केलंत.

फिटआई

सातपूरच्या दादांचं वाचून माझं अर्धवट राहिलेलं पूर्ण करते. मोठा बारा वर्षांचा झाल्यापासून खालच्या मजल्यावर जाऊन बिस्किटं खातो. पुडाच ठेवलाय तिकडे. मला खालच्या काकूंनी सांगितलं, तेही वर्षभराने.

काळीमिसळ

भाड्याचं रद्द. तुमची मुलं नॉर्मल आहेत, अभिनंदन.

खारीबटर

तीन आठवड्यांनी येतेय, रागावू नका.

काटा आता नवऱ्याच्या कपाटात, वरच्या फळीवर. मी आठवड्यातून एकदा, पोरगं शाळेत असताना. पहिले चार दिवस मलाच चैन पडत नव्हतं. त्याने एकदाच विचारलं, काटा कुठे गेला. म्हटलं, ठेवून दिला. बरं म्हणाला.

दोनचाकी यांचा ओटा डोक्यातून जात नव्हता. मग आमच्या इमारतीत ओटाच घातला. म्हणजे चार आया, एक बाबा आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका असा ग्रुप केला, नावही "ओटा"च ठेवलं. साडेसहा ते आठ कुणी ना कुणी खाली खुर्ची टाकून बसणार. सोम-बुध-शुक्र मी जिमला, मंगळ-शनि माझी पाळी. काकांचे दोन्ही गुडघे गेलेत, पण ते पाळी नसतानाही येतात. खो-खोचे नियम त्यांना पाठ आहेत आणि पोरं बसताना चुकली की खुर्चीतून ओरडतात.

पहिल्या मंगळवारी लगोरी. वरच्या फ्लॅटचं काम निघालंय, तिथल्या फुटक्या फरशीचे सात तुकडे आणले. एक गडी कमी होता म्हणून मला घेतलं. मंडळी, मी ट्रेडमिलवर चाळीस मिनिटं चालते, फोनवर बोलत. इथे चौथ्या मिनिटाला खांबाला धरून उभी! पोराने पाठीत चेंडू मारला तो वेगळाच. रात्री झोपेपर्यंत त्याचा तोच विषय, "आई, तू पळताना ओरडतेस."

सगळं गोड नाही. दुसऱ्या आठवड्यात चेंडू गाडीच्या आरशाला लागला. नशीब, आमच्याच. तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना, पार्किंगमध्ये खेळू नये. नवरा आणि काका कमिटीच्या बैठकीला गेले, आता सहा ते आठ मागची बाजू गाड्यांशिवाय ठेवायचं ठरलंय. लेखी नाही, तोंडी. एका घराने अजून गाडी हलवलेली नाही. मध्ये चार दिवस धो धो पाऊस, तेव्हा पुन्हा टॅब. चाचणीच्या आठवड्यात शून्य.

आणि तुपाला अजून "थोडंच" म्हणतो. मी वाढते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला जिमपेक्षा जड जातंय.

आजोबा_नाशिकरोड

त्या काकांना माझा नमस्कार सांगा. नाशिकरोडला अशी खुर्ची रिकामी असेल तर कळवा.

काळीमिसळ

पाऊस उघडलाय तर रविवारी रामशेज करायचा का, पोरं घेऊन? पेठ रोडने आशेवाडी, पायथ्यापासून मुलांच्या चालीने तासाभरात वर. मोगलांना वर्षानुवर्षं दमवणारा किल्ला आहे म्हटल्यावर माझं पोर तयार झालंय. फेऱ्या म्हटलं नाही, मोहीम म्हटलं.

दोनचाकी

मी आणि दोघं. निसरडं असेल, मुलांना चपला नकोत, बूट घाला.

सातपूरचा_बाप

रविवारी सकाळी सराव आहे. दुपारी जमणार असेल तर आम्ही दोघं.

बालडॉक्टर

मी येतो. टेप घरी ठेवून.

काळीमिसळ

दुपारी नको, परत ढग भरून येतील. सातला पायथ्याशी. सातपूरचे दादा पुढच्या खेपेला, ढोल घेऊन या. उतरल्यावर मिसळ माझ्याकडून, पाव मोजायचे नाहीत.

खारीबटर

आम्ही तिघं. पाण्याच्या बाटल्या आपापल्या आणा. लगोऱ्या मी आणते, वर सपाटी आहे ना?